एक्झॉस्ट बदललाय, मग ट्यूनिंग कुठलं? आधी तपासणी, मग डबा

मोटरसायकलचा एक्झॉस्ट बदलला की इंधनाचं प्रमाण त्याला जुळवून घेणं म्हणजे ट्यूनिंग. बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात. पाइप बसवतात, त्याच रात्री मित्राने सांगितलेला ट्यूनिंगचा डबा मागवतात, डबा आला की वायरिंगमध्ये खोचतात, आणि मग गाडी अडखळायला लागली की विचारत फिरतात, काय चुकलं? क्रम चुकला. ट्यूनिंगचा पर्याय बजेटवरून किंवा मित्राच्या गाडीवरून ठरत नाही. तो ठरतो दोन गोष्टींवरून, पाइपाचा नेमका कुठला भाग बदलला आणि तुमच्या गाडीचा ईसीयू (इंधन किती टाकायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं किती ऐकतो. या दोन्हीची उत्तरं एकही पैसा न घालवता मिळतात, म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, मधलीच उचलून सुरुवात करू नका.

## १. नेमकं काय बदललं ते कागदावर लिहा

"एक्झॉस्ट लावला" या एका वाक्यात तीन वेगळी कामं लपलेली असतात.

पहिलं म्हणजे स्लिप-ऑन, फक्त मागचा सायलेन्सर बदलला. बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) पुढे हेडरमध्ये (इंजिनाला लागून असलेला पाइप) किंवा मधल्या लिंक पाइपात असतो, म्हणजे खरा अडथळा तिथेच राहिला आणि तुम्ही शेपटी बदलली. आवाज भरपूर बदलतो, इंधनाची गरज जेमतेम बदलते. पण काही गाड्यांत कॅट सायलेन्सरच्या आतच असतो, तिथे स्लिप-ऑन लावला की कॅटसुद्धा गेला. म्हणून जुना सायलेन्सर हातात घेऊन आत बघा, वजन बघा, पार्ट्स डायग्राम बघा, अंदाजाने ठरवू नका.

दुसरं, लिंक पाइप बदलून कॅट काढला. तिसरं, फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनाच्या तोंडापासून शेवटपर्यंत सगळं नवीन. या दोन्हीत हवेचा प्रवाह खरंच बदलतो आणि मिक्श्चरकडे, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाकडे, बघावंच लागतं.

आता चौथी गोष्ट, जी लोक सांगायलाच विसरतात, ती म्हणजे एअर फिल्टर आणि तो ज्यात बसतो तो एअरबॉक्स. एअरबॉक्सचं झाकण कापलं, स्नॉर्कल (हवा आत घेणारी नळी) काढला किंवा मोकळा फिल्टर टाकला तर इंधनाचं गणित पुष्कळदा स्लिप-ऑनपेक्षा जास्त हलतं. "मी फक्त पाइप लावलाय" म्हणणाऱ्याची सीट उघडली की आत एअरबॉक्सला चार भोकं पाडलेली सापडतात, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय.

डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा) आत ठेवणार की काढणार तेही आत्ताच ठरवून लिहा. एकाबरोबर ट्यून करून दुसऱ्याबरोबर चालवायचं असेल तर ते ट्यूनिंग तुमच्या गाडीचं नाही.

सावध: कॅट काढणं आणि डीबी किलर काढणं बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरच्या गाडीसाठी नियमात बसत नाही, वॉरंटीवरही परिणाम होतो. ते तपासायची वेळ ही आहे, सगळं बसवून झाल्यावर नाही.

## २. तुमचा ईसीयू कुठे ऐकतो आणि कुठे पाठ केलेलं म्हणतो

हा भाग समजला की अर्धे डबे आपोआप यादीतून बाहेर पडतात, म्हणून जरा वेळ देऊन वाचा.

स्टॉक गाडीत जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो बहुतेक वेळा नॅरोबँड असतो. त्याला मिक्श्चर किती रिच (इंधन जास्त) किंवा किती लीन (इंधन कमी) हे सांगता येत नाही, तो फक्त एका रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत एवढंच सांगतो. ती रेषा म्हणजे लॅम्डा १, शुद्ध पेट्रोलसाठी साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग इंधन. रिच झालं की सेन्सरचा व्होल्टेज ०.९ च्या आसपास जातो, लीन झालं की ०.१ कडे उतरतो, आणि ईसीयू ०.४५ च्या आसपास झोके घेत इंधन कमीजास्त करत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात.

गंमत अशी की क्लोज्ड लूप आयडलिंगला, एका वेगात निवांत चालवताना आणि थोड्या थ्रॉटलला चालू असतो. थ्रॉटल जोरात उघडला की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि आपल्या पोटातल्या टेबलवरून इंधन टाकतो, म्हणजे ओपन लूप. आणि मोठ्या थ्रॉटलला बरेच ईसीयू हवेचा दाबही फारसा बघत नाहीत, फक्त थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती एवढ्यावरून आकडा काढतात. त्या टेबलला तुम्ही पाइप बदलल्याचं काही माहीतच नाही. म्हणून फुल सिस्टीम लावल्यावर लीन व्हायची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच, अर्ध्याच्या वर थ्रॉटल असताना.

याचा उलटा अर्थ तेवढाच महत्त्वाचा. क्लोज्ड लूपच्या भागात तुम्ही बाहेरून इंधन वाढवलंत तर सेन्सर म्हणेल रिच झालं, आणि ईसीयू तेवढंच इंधन परत काढून घेईल. तुम्ही घालताय, तो काढतोय. कित्येक जण महिनोन्‌महिने ही रस्सीखेच चालवत बसतात आणि डब्याला शिव्या देतात.

ऑक्सिजन सेन्सरच नसलेल्या इंजेक्शनच्या गाड्याही आहेत. त्या सतत ओपन लूपमध्ये असतात, तिथे स्वतःहून सांभाळून घेणारं कोणी नाही, पण बाहेरचा डबा मात्र सरळ काम करतो कारण भांडायला कोणी नाही.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हे सगळं सोडा, पायरी ३ आणि ४ करा आणि मग थेट कार्बच्या भागावर या.

तपासा: सर्व्हिस मॅन्युअलच्या वायरिंग डायग्राममध्ये ऑक्सिजन सेन्सर किती आहेत, कुठे आहेत, एक्झॉस्टमध्ये सर्व्होने (छोट्या मोटरने) फिरणारा व्हॉल्व्ह आहे का, आणि सेकंडरी एअरची (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी) नळी आहे का. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. आजारी गाडी ट्यून करायची नाही

ट्यूनिंगने व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (तिथली ठरलेली बारीक फट) नीट होत नाही. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगावं लागतं.

या क्रमाने जा: एअर फिल्टर स्वच्छ, प्लग योग्य गॅपचे, बॅटरी पूर्ण चार्ज, ईसीयूमध्ये एकही एरर कोड नाही, व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे, एकापेक्षा जास्त थ्रॉटल बॉडी असतील तर त्यांचं सिंक (सगळ्या सारख्या उघडतात ना), आणि शंका असेल तर फ्युएल प्रेशर. प्रेशर बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ३ बारच्या आसपास असतं पण नेमका आकडा आपल्या मॅन्युअलचाच घ्या. पंप दमलेला असताना मॅपमध्ये (इंधनाच्या टेबलमध्ये) इंधन वाढवून घेतलं तर पंप बदलल्या दिवशी गाडी काळा धूर ओकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लीक. हेडर जिथे इंजिनाला बसतो ती गास्केट, आणि पाइपांचे सगळे जोड. लोकांना वाटतं लीक म्हणजे धूर बाहेर येतो, एवढंच. पण एक्झॉस्टमध्ये दाबाच्या लाटा मागेपुढे जात असतात, त्यामुळे लीकमधून हवा आतही ओढली जाते. सेन्सरच्या आधी लीक असेल तर ती बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते, सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू इंधन वाढवतो, आणि गाडी प्रत्यक्षात रिच असताना तुम्ही लीनवर उपाय शोधत बसता. माझे स्वतःचे दोन आठवडे यात गेलेत. कमी थ्रॉटलला गाडी झटके द्यायची, मी मॅप बदलून बदलून कंटाळलो, शेवटी हेडर उतरवला तर जुन्या गास्केटवरच नवीन पाइप दाबून बसवलेला, आणि बसवणारा मीच.

म्हणून नवीन पाइपला नवीन गास्केट, नट आधी सगळे हाताने, मग आलटून पालटून थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने. मागचे क्लॅम्प सगळ्यात शेवटी, नाहीतर पाइप वाकड्या ताणात बसतो आणि काही दिवसांत जोड सैल होतो. थंड इंजिन चालू करून जाड कापडाने सायलेन्सरचं तोंड एखादा सेकंद दाबून धरा, कुठे फुसफुस ऐकू आली तर तिथे लीक.

सावध: सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर बाद होतो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं तर फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको.

## ४. लक्षणं वाचा, पण प्रत्येक लक्षण इंधनाचं नसतं

थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो, म्हणजे गाडी लीन. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. थ्रॉटल सोडल्यावर पाइपात उरलेलं न जळलेलं इंधन ताज्या हवेशी गाठ पडून पेटतं, आवाज त्याचा. ती हवा कुठून आली हा खरा प्रश्न. सेकंडरी एअरची सिस्टीम असेल तर ती मुद्दाम एक्झॉस्टमध्ये हवा सोडते, प्रदूषण कमी करायला. स्टॉक सायलेन्सरमध्ये ते ऐकू येत नव्हतं, आता मोकळा पाइप लावलात म्हणून ऐकू येतंय. लीकमधूनही हवा येते. मिक्श्चरचा नंबर या दोघांनंतर. थोडी फटफट असेल आणि गाडी बाकी छान असेल तर सोडून द्या.

पाइप निळा पडला हेही तसंच. एका थराचा स्टीलचा हेडर व्यवस्थित ट्यून असतानाही निळा-सोनेरी होतो. आयडलिंगला हेडर लालभडक दिसला तर मात्र थांबा, ते लीन असेल किंवा इग्निशनचं टायमिंग मागे असेल.

मधल्या आरपीएमला दम कमी वाटतो? याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. पाइपची लांबी आणि व्यास यावर दाबाच्या लाटा कुठल्या आरपीएमला इंजिनाला मदत करतात आणि कुठे आडव्या येतात हे ठरतं. मोठ्या व्यासाचा मोकळा पाइप वरच्या आरपीएमला देतो आणि मध्ये घेतो. तो खड्डा इंधनाने भरत नाही. मॅपने त्याच्या कडा गुळगुळीत होतील, खड्डा राहीलच. जो ट्यूनर सांगतो की मधला सगळा खड्डा मी मॅपने घालवतो, त्याला आधीचा आणि नंतरचा डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) ग्राफ एकाच कागदावर मागा.

खरोखर मिक्श्चरकडे बोट दाखवणारी लक्षणं अशी: थ्रॉटल हळू उघडताना ठराविक जागी दरवेळी झटका, एका वेगात चालवताना गाडी पुढेमागे हलणं, मोठ्या थ्रॉटलला आधीपेक्षा पोकळ वाटणं, इंजिन पूर्वीपेक्षा गरम होणं. आणि लोडवर धातूवर खडे टाकल्यासारखा टणटण आवाज आला तर ते नॉकिंग, म्हणजे इंधन चुकीच्या वेळी आपोआप पेटणं, तिथे गाडी चालवणं बंद करून आधी कारण शोधा.

## ५. मोजल्याशिवाय खरेदी नाही

वास घेऊन, प्लगचा रंग बघून, "गाडी फ्री वाटते" म्हणून मिक्श्चर कळत नाही. वाइडबँड सेन्सर लागतो, जो रेषेच्या कुठल्या बाजूला किती लांब आहोत हे आकड्यात सांगतो.

सेन्सर कुठे लावायचा यावर सगळं अवलंबून आहे. कॅटच्या आधी. कॅटच्या नंतर किंवा सायलेन्सरच्या शेपटीत नळी खुपसून घेतलेलं रीडिंग चुकतं, कारण कॅटमधून जाताना वायूच बदलतो, आणि आखूड मोकळ्या पाइपात कमी आरपीएमला मागून ताजी हवा परत आत शिरते त्यामुळे आकडा खोटा लीन दिसतो. हेडरवर बंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं तोंड) नसेल तर वेल्ड करून घ्यावा लागतो. वाइडबँडच्या सेन्सरला सहसा १८ मिमीचा बंग लागतो, आणि बऱ्याच गाड्यांचा स्टॉक सेन्सर १२ मिमीचा असतो, त्यामुळे "सेन्सर काढून तिथेच लावू" हा बेत बसत नाही. बंग पाइपाच्या वरच्या बाजूला हवा, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधे, म्हणजे पाइपात साठलेलं पाणी सेन्सरवर येत नाही.

व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) असेल तर पुढचा आणि मागचा सिलिंडर वेगळा वागतो. दोन्ही पाइप जिथे एकत्र येतात तिथे एकच सेन्सर लावला तर सरासरी मिळते, एक रिच आणि एक लीन असूनही आकडा गोड दिसू शकतो.

आकड्यांबद्दल, पेट्रोलच्या साध्या इंजिनाला मी हे धरून चालतो: निवांत चालवताना १४ ते १४.७, पूर्ण थ्रॉटलला १२.८ ते १३.२, एअरकूल्ड गाडी असेल तर लोडवर त्यातल्या रिच बाजूला. पण इंधनात इथेनॉल असेल तर आदर्श प्रमाणच खाली सरकतं, १० टक्के इथेनॉलला ते साधारण १४.१ होतं. म्हणून शक्य असेल तर मीटर लॅम्डावर ठेवा, इंधन कुठलंही असलं तरी १ म्हणजे १ च, आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० च्या आसपास बघा.

डायनोवर जाणार असाल तर विचारा की तो लोड धरून ठेवू शकतो का. नुसत्या ड्रमच्या डायनोवर पूर्ण थ्रॉटलची ओढ छान मोजता येते, पण २० टक्के थ्रॉटल आणि ४००० आरपीएम अशी एक जागा स्थिर धरता येत नाही, आणि रस्त्यावर तुम्ही बहुतेक वेळ तिथेच असता.

इथे थांबून बघा: मोठ्या थ्रॉटलचे आकडे वर दिलेल्या पट्ट्यात असतील, आणि झटके नसतील, तर तुम्हाला काही विकत घ्यायची गरज नाही. स्लिप-ऑनवाल्यांपैकी बरेच जण इथेच मोकळे होतात.

## ६. आता पर्याय निवडा

काहीच न करणं. स्लिप-ऑन, कॅट जागेवर, एअरबॉक्स स्टॉक, रीडिंग ठीक. क्लोज्ड लूप लहानसहान फरक स्वतः सांभाळतो. हा पर्याय मी पहिला लिहिला कारण तो सगळ्यात कमी निवडला जातो.

सेन्सर फसवणारे प्लग. यात दोन जाती. एक ईसीयूला सांगतो की हवा आहे त्यापेक्षा थंड आहे, मग ईसीयू इंधन वाढवतो. दुसरा ऑक्सिजन सेन्सरच्या जागी बसतो आणि ईसीयूला ओपन लूपमध्ये बांधून ठेवतो. दोन्ही बसवायला पाच मिनिटं लागतात आणि इंधनाच्या बाबतीत दोन्ही आंधळे. पहिला सगळीकडे सारखंच वाढवतो, जिथे नको तिथेही, आणि क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते परत काढतो. स्टॉक गाडी अगदी लीन सेट केलेली असेल आणि कमी थ्रॉटलचा झटका थोडा मऊ करायचा असेल एवढ्यापुरतं ठीक आहे. फुल सिस्टीमचा इलाज म्हणून अजिबात नाही.

पिगीबॅक. हा डबा ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो, ईसीयूने जेवढा वेळ इंजेक्टर उघडायला सांगितला त्यात टक्केवारीने कमीजास्त करतो. थ्रॉटल आणि आरपीएमचं टेबल असतं, प्रत्येक चौकोनात एक आकडा. ईसीयूला हात लागत नाही, काढला की गाडी स्टॉक, हा मोठा फायदा, वॉरंटीची गाडी असेल तर अजूनच. तोटा असा की साध्या पिगीबॅकने फक्त इंधन बदलतं. इग्निशन, रेव्ह लिमिट, फॅन चालू व्हायचं तापमान, राइड-बाय-वायर (केबलऐवजी ईसीयूने उघडणारा) थ्रॉटल, इंजिन ब्रेकिंग, यातलं काही नाही. आणि क्लोज्ड लूपची रस्सीखेच असतेच, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरची व्यवस्था लावणारा तुकडा डब्याबरोबर येतो का ते आधी बघा.

वाइडबँड जोडून स्वतः शिकणारे पिगीबॅकही आहेत. चांगले आहेत, पण त्यांना सोडून द्यायचं नसतं. तुम्ही ठरवलेल्या टार्गेटकडे तो जातो, टार्गेट चुकीचं असेल तर इमानदारीने चुकीच्या जागी नेतो. थंड इंजिनाची आणि थ्रॉटल पूर्ण बंद असतानाची रीडिंग शिकण्यातून वगळा, एकावेळी किती टक्के बदलू द्यायचं त्यावर मर्यादा घाला, आणि बदल मान्य करण्याआधी टेबल डोळ्याने बघा. शेजारच्या दोन चौकोनांत २ आणि १९ असं दिसलं तर ते शिकणं नाही, गोंधळ आहे.

ईसीयू फ्लॅश. कॅट काढला असेल, फुल सिस्टीम असेल, एअरबॉक्सही बदलला असेल, आणि तुमच्या ईसीयूला सपोर्ट असेल तर माझं मत सरळ फ्लॅशच्या बाजूने आहे. यात ईसीयूचं मूळ टेबलच बदलतं, भांडण संपतं, क्लोज्ड लूप कुठे चालू ठेवायचा तेही ठरवता येतं, आणि सर्व्हो व्हॉल्व्ह काढल्यामुळे येणारा एरर कोड नीट बंद करता येतो. काही गाड्यांत खालच्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, तेही मोकळं होतं.

पण फ्लॅश दोन प्रकारे मिळतो. एक, ईसीयू पाठवून द्या, तयार फाइल टाकून परत येतो. दुसरा, तुमच्याच गाडीवर डायनोला बसून. पहिला म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं मोजमाप, जवळपास बसतं. पाइप, फिल्टर आणि मॉडेलचं वर्ष तिन्ही जुळत असतील तर बऱ्यापैकी चालून जातं, त्यातलं एक जरी वेगळं असेल तर नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलबद्दल तेच, फक्त जास्त काळजीने, कारण एकाच गाडीचे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे ईसीयू असतात.

सावध: इग्निशन टायमिंग "थोडं पुढे" ढकलायचा मोह आवरा. बऱ्याच मोटरसायकलींना नॉक सेन्सर नसतो, इंजिन ओरडलं तरी ईसीयूला ऐकू येत नाही. डायनोवर टॉर्क वाढताना दिसत नसेल तर टायमिंग पुढे नेऊन मिळतं फक्त पिस्टनचं नुकसान.

स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे मूळ ईसीयू काढून पूर्ण वेगळा बसवणं. रेससाठी. रस्त्यावरच्या गाडीला पाइप लावला म्हणून याची गरज पडत नाही, पुढे चला.

कार्ब्युरेटर. इथे डबा नाही, जेट आहेत, म्हणजे इंधन जायची मोजून पाडलेली भोकं. थ्रॉटलच्या पहिल्या पाव भागावर पायलट जेट आणि स्क्रूचा अंमल, पाव ते पाऊण नीडलचा (वरखाली होणारी सुई), त्याच्या वर मेन जेटचा. त्यामुळे त्रास कुठल्या थ्रॉटलला होतो ते आधी शोधा, ग्रिपवर पांढऱ्या टेपच्या खुणा करून. सीव्ही कार्ब असेल तर स्लाइड व्हॅक्यूमवर उचलते, म्हणून या खुणा अंदाजाच्याच. मी मेनपासून सुरुवात करतो, मग नीडल, शेवटी पायलट, आणि एकावेळी एकच गोष्ट, मेनचा एकच नंबर वर. नीडलची क्लिप खालच्या खाचेत टाकली की नीडल वर उचलली जाते आणि गाडी रिच होते, हे दर दुसऱ्या माणसाच्या डोक्यात उलटं असतं. स्क्रूचंही तसंच: तो इंजिनाच्या बाजूला असेल तर इंधनाचा, बाहेर काढला की रिच, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आत घेतला की रिच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जेटचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे जेट एकाच कंपनीचे घ्या. आणि उंच डोंगरावर हवा विरळ, तिथे हीच गाडी रिच वाटेल, ते तुमच्या सेटिंगचं पाप नाही.

## ७. बसवायचा दिवस

१. स्टॉक फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. फ्लॅश करणार असाल तर याच्याआधी काही नाही. काही टूल्सना मूळ फाइल वाचताच येत नाही, फक्त लिहिता येते, तसं असेल तर स्टॉक फाइल परत कोण टाकून देणार ते आधी लेखी विचारा.

२. बॅटरीला चार्जर लावा. १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर फ्लॅश सुरूच करू नका. हेडलाइटचा फ्यूज काढून ठेवला तर अजून बरं. लॅपटॉपही चार्जरवर, आणि त्याचा स्लीप मोड बंद. अर्ध्यावर तुटलेला फ्लॅश कधी परत येतो, कधी येत नाही.

३. पिगीबॅक असेल तर वायर हेडरपासून आणि स्टिअरिंगच्या वळणापासून लांब. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, फ्रेमवरच्या रंगवलेल्या बोल्टला नाही.

४. पहिली सुरुवात झीरो मॅपवर, म्हणजे सगळ्या चौकोनांत शून्य. गाडी आधीसारखीच चालली पाहिजे. नाही चालली तर दोष वायरिंगमध्ये आहे, मॅपमध्ये शोधू नका. हे एवढं एक काम केलं तरी निम्मे गोंधळ होणारच नाहीत.

५. मग मॅप टाका, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आणि लॉग (रीडिंगची नोंद) घ्या. मोजमाप बंद जागेत, ट्रॅकवर किंवा डायनोवर. चालत्या गाडीवर स्क्रीन बघत मिक्श्चर वाचणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. लॉग रेकॉर्ड होतो, घरी येऊन बघा.

डायनोवर आधीची आणि नंतरची ओढ एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, एकाच करेक्शनवर (हवामानासाठी आकड्यात केलेली दुरुस्ती) घ्या. दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी तुलना करून काही सिद्ध होत नाही, आणि फक्त सगळ्यात वरचा हॉर्सपॉवर बघून खूश होऊ नका, तुम्ही ज्या आरपीएमला चालवता तिथला टॉर्क बघा.

## ८. पहिले काही दिवस

पहिल्या राइडनंतर गाडी थंड झाली की हेडरचे नट परत टॉर्कवर तपासा, नवीन गास्केट बसते आणि नट ढिले होतात. एरर कोड परत वाचा. सकाळी थंड इंजिन एका झटक्यात चालू होतं का, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू होतं का, हेही बघा, कारण ट्यूनर बहुतेक वेळ गरम गाडीवरच काम करतो आणि थंड स्टार्टचं टेबल कोणी उघडूनही बघत नाही.

एक-दोन टाक्या गेल्या की मायलेज लिहा. एकदम घसरलं असेल आणि निवांत चालवतानाचे आकडे १३ च्या आसपास असतील तर कोणीतरी क्लोज्ड लूप पूर्ण बंद करून सगळीकडे रिच टाकून दिलंय. हे आळशी ट्यूनिंग आहे, परत नेऊन क्रूझचा, म्हणजे निवांत चालवण्याचा, भाग नीट करून मागा.

आणि नंतर कधीतरी फिल्टर बदललात, डीबी किलर काढलात किंवा एअरबॉक्सला हात लावलात, तर पायरी ५ परत करा, वाइडबँड बंगात अजून असेलच. काढून टाकला असेल तर बंगाला त्याच मापाचा बोल्ट कॉपर वॉशरसकट घट्ट बसवलाय ना, तेवढं बघा, नाहीतर तीच लीकची गोष्ट पुन्हा सुरू.